लक्ष्मीबाई टिळक आणि आमच्या घरातलं हसू

श्रद्धेचा विषय निघाला की आपल्याकडे माणसं एकदम ताठ बसतात. आवाज बदलतो, चेहरा गंभीर होतो, कुणाला तरी काहीतरी सिद्ध करायचं असतं. घरात मात्र तसं नसतं. घरातली श्रद्धा दुधाच्या पातेल्याशेजारी राहते. नमाजेची वेळ झालेली असते आणि कुकरची तिसरी शिट्टी अजून व्हायची असते. रोजा असतो, तरी लेकीच्या डब्याची भाजी चाखायला कुणी सापडत नाही म्हणून मीठ अंदाजाने पडतं. मग संध्याकाळी लेक घरी येऊन सांगते, "अम्मी, आज तुझा रोजा कडक होता."

मराठीत अशा घरातल्या श्रद्धेचं सगळ्यात खरं पुस्तक कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी 'स्मृतिचित्रे'चं नाव घेते. ते पुस्तक एका ख्रिस्ती बाईंचं आहे. मी मुसलमान, पिंपरी-चिंचवडमध्ये उर्दू आणि मराठी शिकवणारी. माझ्या काही मैत्रिणींना या आवडीचं नवल वाटतं. "धर्मांतराची गोष्ट आहे ना ती? मग तुला त्यात काय सापडलं?" असं त्या विचारतात. त्यांना दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. हे टिळक म्हणजे पुढे रेव्हरंड टिळक म्हणून प्रसिद्ध झालेले कवी. लक्ष्मीबाईंचं शाळेत जाऊन शिक्षण झालेलं नव्हतं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तेव्हा लक्ष्मीबाई आपल्या माणसांत होत्या, पदरात लहानगा दत्तू होता. नवऱ्याने धर्म सोडला, म्हणजे त्या काळच्या ब्राह्मण समाजात नवरा जिवंत असूनही तिचा संसार मोडला. जवळजवळ पाच वर्षं दोघं वेगळे राहिले. नंतर लक्ष्मीबाई अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) नवऱ्याकडे आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' चार भागांत १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झालं. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, त्यामुळे शेवटचा भाग त्यांच्या माघारी वाचकांच्या हाती आला.

एवढं ऐकलं की वाटतं, पुस्तक रडवणारं असणार. ते रडवतंही, पण आधी हसवतं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड घ्या. बाजारातून घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय त्यांना चालायची नाही. मीठसुद्धा धुवायचं! आता मीठ धुतल्यावर मागे काय उरत असेल याचा हिशोब वाचकाने करावा. आपण हसतो. पण लक्ष्मीबाई आपल्याला नुसतं हसवून सोडत नाहीत. हे वेड कुठून आलं तेही त्या सांगतात. १८५७च्या धामधुमीनंतर वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झाली होती आणि त्या धक्क्यानंतर या माणसाने सोवळ्याचा आसरा घेतला होता. म्हणजे ज्याला आपण हसलो, त्याच्या आत एक जखम होती. हसू आणि दया अशी एकाच ताटात वाढणं फार थोड्यांना जमतं. धर्माच्या नावाने विक्षिप्त वागणारी माणसं आपल्याही नात्यात असतात. त्यांची एक तर आपण टिंगल करतो किंवा त्यांना घाबरतो. त्यांना नेमकं काय झालं होतं, हे विचारायचं राहून जातं.

टिळकांचं तर काय सांगावं! मोठा कवी, उदार मन आणि रागीट स्वभाव. पैसा हातात टिकायचा नाही. घरात किराणा नाही म्हणून पैसे घेऊन निघाले, तर परत येताना सोबत काहीतरी भलतंच. कुणी गरजू भेटला की खिसा रिकामा. घरात कायम पाहुणे, विद्यार्थी आणि कवी. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे राहिले होते. दुष्काळातली अनाथ मुलं घरात आली. नवरा-बायकोची भांडणं तर रोजची. लक्ष्मीबाई ती सगळी भांडणं लिहितात, स्वतःच्या वाटणीचा आडमुठेपणाही लपवत नाहीत, आणि कुठेही नवऱ्याला देव करत नाहीत. ज्या माणसाला ख्रिस्ती समाज संतासारखा मानत होता, त्याची बायको सांगते की हा संत चिडला की कसा दिसायचा. तरी पुस्तक मिटताना टिळकांबद्दलचा आदर तसूभरही कमी होत नाही. उलट तो माणूस जवळचा वाटायला लागतो.

आपल्या बुजुर्गांबद्दल, मौलानांबद्दल, घरातल्या हाजीसाहेबांबद्दल असं कुणी लिहिलं तर आपल्याला चालेल का, हा प्रश्न मला दरवेळी पडतो.

हे पुस्तक मी पहिल्यांदा बी.एड. करताना वाचलं. पण ते आमच्या घराचं झालं २०१९ साली. त्या वर्षी गाड्यांची विक्री पडली आणि चाकणच्या पट्ट्यात त्याची झळ सगळ्यात आधी कॉन्ट्रॅक्टवरच्या कामगारांना बसली. लेकीचे अब्बा तिथल्या एका छोट्या कंपनीत प्रेस शॉपला होते. एके दिवशी 'ब्रेक' मिळाला. आमच्या भागात या शब्दाचा अर्थ लहान मुलालाही कळतो. सात महिने काम, मग ब्रेक, मग बोलावलं तर पुन्हा काम. या वेळी बोलावणं येईना. पहाटे कंपनीच्या बसचा हॉर्न वाजायचा, हे सवयीने उठून बसायचे आणि मग आपल्याला कुठे जायचं नाही हे आठवून पुन्हा आडवे व्हायचे. माझा पगार चालू होता, त्यामुळे चूल बंद पडली नाही. पण घरातला कर्ता माणूस दिवसभर घरात असला की भिंतीसुद्धा अवघडतात.

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, ख्रिस्ती. त्यांचा मुलगाही कॉन्ट्रॅक्टवरच. नाताळाला त्यांच्याकडून करंज्या आणि शंकरपाळ्या येतात, ईदला आमच्याकडून शीरखुर्मा जातो आणि डबा कधी रिकामा परत जात नाही. त्या दिवसांत संध्याकाळी मी अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, काहीतरी वाचून दाखवायची. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नव्हतं. 'स्मृतिचित्रे' सुरू केलं तेव्हा मावशीही भाजी निवडायला घेऊन येऊन बसायला लागल्या. लक्ष्मीबाई त्यांच्या घरच्यांच्या लाडक्या, पण पुस्तक त्यांनी स्वतः कधी वाचलेलं नव्हतं.

टिळकांच्या किराण्याचे किस्से ऐकून अम्मींना इतकं हसू यायचं की डोळ्यांना पदर लावायच्या. "बिल्कुल तेरे ससुर," असं म्हणायच्या. माझे सासरे एकदा बकरा घ्यायला म्हणून बाजाराला गेले होते आणि कुणाच्या तरी अडचणीला पैसे देऊन मोकळ्या हाताने परत आले होते. वर घरी येऊन म्हणाले होते, "कुर्बानी हो गयी." ती गोष्ट मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळली. घरात तितक्या दिवसांनी हेही मोठ्याने हसले.

मग १८९५चं प्रकरण आलं. टिळक ख्रिस्ती झाल्याची बातमी, लक्ष्मीबाईंचा आक्रोश, जवळच्या माणसांची धावपळ. हसणारं घर गप्प झालं. मला थोडी धास्ती वाटत होती. मावशी ख्रिस्ती, आम्ही मुसलमान आणि पुस्तकात एक हिंदू घर मोडतंय. कोण काय बोलेल? पहिल्यांदा बोलल्या अम्मी. "उस छोरी को किसीने पूछा क्या?"

मावशींनी हातातली मेथी खाली ठेवली. म्हणाल्या, "टिळक आमच्यात फार मोठे. पण बायकोच्या जिवाचं काय होईल, हे त्यांनी आधी बघायला हवं होतं."

मला वाटतं, या पुस्तकाचा गाभा या दोन म्हाताऱ्या बायकांनी एका मिनिटात पकडला. एकाची श्रद्धा खरी असू शकते आणि तरी तिची किंमत घरातल्या दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते. टिळकांचा शोध प्रामाणिक होता. पण रडली ती लक्ष्मीबाई.

आणि म्हणूनच पुढची पाच वर्षं मला या पुस्तकातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतात. लक्ष्मीबाई नवऱ्यामागे आपोआप ख्रिस्ती झाल्या नाहीत. नगरला आल्यावरही त्यांनी आपली चूल आणि आपलं पाणी वेगळं ठेवलं होतं. मग हळूहळू, आपल्याच डोक्याने विचार करत, त्या एका जागी पोहोचल्या. जाती देवाने केलेल्या नाहीत, त्या माणसाने केल्या, हे त्यांना पटलं आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर. म्हणजे आधी पाण्याचा पेला बदलला, मग धर्म.

पाण्याच्या पेल्याचं महत्त्व आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या नानीसाठी गावातल्या एका घरी वेगळा कप असायचा, वळचणीला ठेवलेला. नानी ते हसत सांगायची, "माझा कप कधी कुणी फोडला नाही, कारण त्याला कुणी हातच लावत नव्हतं." तिच्या हसण्यात काय होतं, ते लक्ष्मीबाईंना वाचून मला जास्त कळलं.

टिळकांचा ख्रिस्त परदेशातून आलेला वाटत नाही, कारण तो अभंगातून आणि कीर्तनातून येतो. तुकोबांचा पूल ओलांडून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशा अर्थाचं टिळक म्हणत असत. तुकोबांचं देहू आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पालखी देहूहून निघते तेव्हा तिचा पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्याशी होतो. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुलांचे डोळे मोठे होतात. ज्या तुकोबांच्या वाटेवर एक ब्राह्मण ख्रिस्ताकडे गेला, त्याच तुकोबांची पालखी एका मुसलमान फकिराच्या दारी टेकते. मराठी भाषेत आमची सगळ्यांची ये-जा जुनी आहे. १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' मराठीत छापलं गेलं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. ही भाषा कुणा एकाच्या घरची नाही, हे मुलांना पटवायला मला वेगळं भाषण करावं लागत नाही.

पण गोष्ट एवढ्या गोड ठिकाणी थांबवली तर ती अपुरी राहील. त्या संध्याकाळी माझ्या लेकीने, ती तेव्हा नववीत होती, मला सरळ विचारलं, "अम्मी, हे वाचताना आपल्याला छान वाटतं, कारण ते दुसऱ्यांच्या घरात झालं. आपल्या घरातून कुणी असं गेलं तर?"

घरात पुन्हा शांतता. मी तिला खरं ते सांगितलं. मला फार दुःख होईल. मी रडेन. लक्ष्मीबाईंच्या माणसांनी जे केलं असेल ते सगळं करावंसं वाटेल. माझ्या दीनवर माझं प्रेम आहे आणि ते माझ्या मुलांनी पुढे न्यावं अशी माझी दुआ असते. पण सूरह बकराच्या २५६व्या आयतीत दीनच्या बाबतीत सक्ती नाकारलेली आहे. ती आयत मी दुसऱ्यांना ऐकवायची आणि स्वतःच्या घराला मात्र सूट द्यायची, असं चालणार नाही. जबरदस्तीने घरात राहिलेलं माणूस राहतं फक्त अंगाने. इमान ज्याचं त्याने आपल्या पायाने चालून गाठायचं असतं. आई-बाप वाट दाखवू शकतात, पाय देऊ शकत नाहीत.

लेक थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी फजरला उठले तर ती माझी नमाज, आणि तू ओरडून उठवलंस तर ती तुझी?" अम्मी म्हणाल्या, "दोनों की. मगर उठना तो पडेगा." एवढ्या मोठ्या प्रश्नाचा असा निकाल लागला आणि सगळे हसले. प्रश्न मिटला असं मी म्हणत नाही. पण तो विचारता आला, आणि विचारल्यावर घर मोडलं नाही.

तीन महिन्यांनी ह्यांना कामाचं बोलावणं आलं. त्याच कंपनीत नाही, दुसरीकडे, पगार थोडा कमी. मी मावशींना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "आमच्या रविवारच्या उपासनेत मी दर आठवड्याला नाव घेत होते." अम्मींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "और मैंने चालीस दिन यासीन पढी, उसका क्या?" दोघींमध्ये श्रेयावरून गोड भांडण जुंपलं. हे बूट घालता घालता म्हणाले, "थोडं कॉन्ट्रॅक्टरनेही केलंय, त्यालाही दुआ द्या." मावशींच्या मुलाला मात्र पुढे बरेच दिवस काम मिळालं नाही. मग अम्मींनी त्याच्यासाठी यासीन सुरू केली. मावशींनी विचारलं, "आमच्यासाठी चालतं का हो तुमचं?" अम्मी म्हणाल्या, "सुननेवाला तो वही है ना."

मला वाटतं, आशा म्हणतात ती हीच. सगळं ठीक होईल अशी खात्री म्हणजे आशा नव्हे. 'स्मृतिचित्रे'मध्ये तरी कुठे सगळं ठीक होतं? धर्म बदलला, पण टिळकांचा स्वभाव बदलला नाही. राग तोच, रिकामा खिसा तोच, दारात पाहुणे तेवढेच. दुष्काळ आला, प्लेग आला. १९१९ साली टिळक गेले. टिळकांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धं राहिलं होतं. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाई ते पुढे लिहायला बसल्या. ज्या श्रद्धेने एकेकाळी त्यांचा संसार उधळला होता, ती त्यांनी आपल्या हाताने, आपल्या शब्दांत पुढे नेली. ती आता उसनी राहिली नव्हती.

आपल्याकडे सब्र आणि शुक्र हे दोन शब्द जोडीने येतात. सब्र म्हणजे तोंड पाडून सोसणं, असा आपण बायकांनी सोयीचा अर्थ करून घेतला आहे. लक्ष्मीबाईंनी मला सब्रचा दुसरा अर्थ शिकवला. सोसायचं, पण डोळे उघडे ठेवून. जे दिसलं ते सांगायचं, आणि सांगताना हसायची ताकद ठेवायची. ज्याला आपल्या दुःखावर हसता येतं, त्याने देवावरचा भरवसा सोडलेला नसतो. असं हसू म्हणजे मला शुक्रचाच एक प्रकार वाटतो.

शेवटी, वाचकांना आणि विशेषतः माझ्या मुस्लिम भगिनींना एक विनंती. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. तेव्हापासून आपल्या प्रश्नांवर, आपल्यावरच्या अन्यायावर पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. पण आपल्या स्वयंपाकघरातली श्रद्धा, सासू-सुनेची भांडणं, रोज्यातलं अंदाजाचं मीठ, कंपनीच्या ब्रेकमधली यासीन, हे फार थोडं लिहिलं गेलं आहे. बाहेरच्या माणसाला आपल्या घरातले फक्त वाद ऐकू येतात, हसू ऐकू येत नाही, कारण आपणच ते कधी लिहीत नाही. लिहिता येत नाही असं म्हणू नका. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग छापून आला तेव्हा लक्ष्मीबाई पासष्टीच्या पुढेमागे होत्या आणि शाळेचा दाखला त्यांच्याकडे नव्हता. ज्यांना खरंच लिहिता येत नाही, त्यांच्या लेकी-सुनांनी लिहून घ्यावं. आमच्या घरी मी एक शंभर पानी वही आणली आहे. अम्मी सांगतात, मी लिहिते. आतापर्यंत अकरा पानं झाली आहेत आणि त्यातली नऊ सासऱ्यांच्या तक्रारींची आहेत.